जात्यावरची ओवी पुन्हा गाताना

जात्यावरची ओवी म्हणजे दोन ओळींची, आपल्यापुरती पुरी रचना. दळताना बाई अशा ओव्या एकीमागून एक गुंफत जाते आणि सुपातले दाणे सरले की गाणे थांबते. किती वेळ गायचे ते दळण ठरवते आणि कोणती ओवी कोणत्या ओवीमागून यायची ते गाणारीचे मन. ओवीचा कर्ता कोण, हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. आईकडून, आजीकडून, सासूकडून, जावेकडून ती येते आणि प्रत्येक तोंडी थोडी बदलते. म्हणून जुनी ओवी नव्या आवाजात गाण्यात परंपरेला धक्का लावल्यासारखे काही नाही. ओवी आजवर जगली ती अशीच. नवे आहे ते ध्वनिमुद्रण. जे सतत बदलत होते त्याचा एक क्षण मुद्रणात थांबतो, आणि पुढे ऐकणाऱ्याला तोच क्षण म्हणजे ओवी वाटू लागते. आपल्या आवाजात ओवी मुद्रित करू पाहणाऱ्यावर त्यामुळे एक जबाबदारी येते. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात हे काम फार काळजीने झाले आहे, तेव्हा या विषयात शिरायचे तर मुळशीच्या वाटेने शिरणे चांगले.

ओवीचा लिखित उल्लेख बाराव्या शतकापासून सापडतो. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’च्या दीडशे वर्षे आधी ही चाल बायकांच्या कष्टाशी जोडलेली होती. ज्ञानेश्वरांनी हा छंद घेतला, त्याला ग्रंथाची प्रतिष्ठा मिळाली आणि तीन यमकी चरण व चौथा आखूड अशी त्याची बांधणी लोकांच्या कानात बसली. जात्यावरची ओवी मात्र आपल्या मोकळ्या अंगानेच चालत राहिली. विसाव्या शतकात साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या. पुढे सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने लोकगीतांचे संग्रह काढले. या मंडळींनी ते कष्ट घेतले नसते तर कितीतरी शब्द आज उरले नसते. तरीही छापील पानावर शब्द येतो, चाल येत नाही. ओळ कुठे तुटते, कोणता तुकडा दोनदा येतो, ‘बाई’ आणि ‘गं’ कुठे पडतात, हे पुस्तकातून कळत नाही, कारण वाचताना अडथळा नको म्हणून असे शब्द पुष्कळदा गाळले गेले. गाणारीचे नावही क्वचितच राहिले.

मुळशीतल्या कामाचे वेगळेपण नेमके इथे आहे. पौड हे तालुक्याचे ठिकाण. तिथून पश्चिमेकडे सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत डोंगर, खोरी आणि भात-नाचणीची खाचरे. महाराष्ट्राला हा मुलूख मुळशी सत्याग्रहामुळे ठाऊक आहे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा-नीळा संगमावर धरण होऊ लागले तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला, त्यात बायकाही उतरल्या. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. त्यानंतर सहा दशकांनी याच डोंगराळ पट्ट्यात गरीब डोंगरी संघटनेचे काम चालू असताना हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइटवाँ या दोन अभ्यासकांचे लक्ष ओव्यांकडे गेले. पुण्यातील सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस ही त्यांची संस्था. ग्रामीण बायका स्वतःच्या आयुष्याचा विचार कसा करतात, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या ओव्या ऐकल्या पाहिजेत, अशी त्यांची धारणा होती. चांगल्या गाण्यांचा संग्रह करणे हा त्यांचा पहिला हेतू नव्हता, आणि कदाचित म्हणूनच हा संग्रह इतका सच्चा उतरला: निवड करून उणी ओवी बाजूला टाकण्याचे कारणच उरले नाही.

मुळशीत सुरू झालेले हे काम पुढे राज्यभर पसरले. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे आणि संगणकाचे जाणकार त्यात आले आणि प्रत्यक्ष गायनाचे सुमारे १२० तासांचे मुद्रण झाले. जितेंद्र मैड यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरले. मुळशीतील नांदगावच्या कुसुम सोनवणे आणि शाहू कांबळे, कोळवडे गावच्या खडकवाडीतल्या ताराबाई उभे, परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, अशी गाणाऱ्यांची नावे त्यांच्या ओव्यांबरोबर नोंदली गेली. पॉइटवाँ २००४ मध्ये वारले आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या, पण संग्रह थांबला नाही. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हे संकेतस्थळ या ओव्या मूळ आवाज, मराठी शब्द, भाषांतर आणि गाणारीच्या माहितीसह प्रसिद्ध करते. ज्याला आपल्या आवाजात ओवी गायची आहे त्याला आज मूळ आवाज घरबसल्या ऐकता येतो. साने गुरुजींच्या वाचकाला ही सोय नव्हती.

हे मुद्रण लक्ष देऊन ऐकले की छापील पानावर न दिसणारी रचना कानाला कळू लागते. सहसा एक बाई ओवी उचलते, दुसरी किंवा बाकीच्या ती झेलतात. पहिली ओळ पुन्हा येते, कधी तिचा अर्धाच भाग पुन्हा येतो, मग दुसरी ओळ. मध्ये घातलेले ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ यांसारखे शब्द अर्थाला नसले तरी चालीला लागतात. ते काढले तर ओळ लंगडते. पुनरावृत्तीचा आणखी एक उपयोग आहे. सोबतीण ओळ परत गात असते तेवढ्यात पहिली बाई पुढची ओवी आठवते किंवा जागच्या जागी रचते. चाल थोड्याच स्वरांत फिरते आणि एकाच चालीवर कितीही ओव्या बसतात. म्हणजे शब्द आणि चाल यांची गाठ कायमची नाही. विठ्ठलाची ओवी, भावाची ओवी, सीतेच्या वनवासाची ओवी एकाच दळणात, एकाच चालीवर येऊ शकते. माजलगावच्या भीमनगरात याच साच्यातून डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्या आल्या. साचा जुना, विषय गाणारीच्या काळाचा. आज नव्याने गाणाऱ्याला इथे मोठी मोकळीक आहे: कोणत्या ओव्या घ्यायच्या, कोणत्या क्रमाने, शेवट कोणत्या ओवीवर, हे त्याने ठरवायचे असते. पूर्वी हे प्रत्येक बाई रोज पहाटे ठरवत होती.

जगातल्या दुसऱ्या एका गाण्याशी ही रचना ताडून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांतून विसाव्या शतकाच्या आरंभी ‘कंट्री ब्लूज’ हे गाणे पुढे आले. बहुधा एक माणूस, एक गिटार. त्यातही एक ओळ दोनदा गायची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे, ही बांधणी पुष्कळदा आढळते. ओळी एका गाण्यातून दुसऱ्यात सहज जातात आणि त्यांचा मूळ कर्ता शोधणे व्यर्थ ठरते. दोन्हींची मुळे श्रमात आहेत. फरक पडला तो ध्वनिमुद्रणाने. ब्लूजकडे तबकड्यांच्या कंपन्या १९२० च्या दशकातच वळल्या. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, म्हणून रात्रभर चालणाऱ्या गाण्याला आरंभ आणि शेवट मिळाला. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्ससमध्ये एकूण २९ गाणी मुद्रित केली. ती पुढच्या पिढ्यांनी अक्षरशः शब्दाबरहुकूम गायली, जणू ती तशीच जन्माला आली होती. जॉन्सनने स्वतः मात्र आधीच्या गायकांच्या ओळी आणि चाली मोकळेपणाने उचलल्या होत्या.

याच्या शेजारी अॅलन लोमॅक्स यांचे काम ठेवावे. १९४७-४८ मध्ये त्यांनी मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात कैद्यांची कामाची गाणी मुद्रित केली. कुऱ्हाडीचा घाव हाच त्या गाण्यांचा ताल, आणि लोमॅक्स यांनी तो गाळला नाही. मुळशीतल्या ओव्या ऐकताना जात्याची घरघर तशीच सोबतीला असते. तबकडीने गाण्याला आपल्या मापात बसवले. क्षेत्रीय मुद्रणाने स्वतःला गाण्याच्या मापाने वाढवले. घरी मुद्रण करणाऱ्याला दोन्ही वाटा खुल्या आहेत. तीन मिनिटांची आटोपशीर ओवी करण्यात गैर काही नाही, पण ती आटोपशीर केली आहे हे सोबत सांगितले पाहिजे.

गिरणी आली आणि रोजचे जाते थांबले. हाडे मोडणारे ते काम गेले याचे गावातल्या बायकांना दुःख नाही, आणि असू नये. जाते अजून अनेक घरांत आहे. लग्नात हळद दळताना त्याची पूजा होते, त्या वेळी ओव्या होतात. एरवी ओवी आता आठवून, बसून, कोणी विचारले तर गायली जाते. याचा परिणाम गायनावर होतोच. जाते ओढताना अंग पुढे-मागे झुलते, दम त्या फेऱ्याला बांधलेला असतो, मूठभर दाणे वैरताना एक हात खुंट्यावरून सुटतो. या सगळ्यातून श्वास कुठे घ्यायचा आणि सूर कुठे लांबवायचा हे ठरते. ताठ बसून गायलेल्या ओवीत हे खटके गळून पडतात आणि चाल सपाट होण्याचा धोका असतो. म्हणून ओवी शिकू पाहणाऱ्याने निदान काही वेळ खरोखर दळावे, आणि तेही दाणे घालून. रिकामे जाते फिरवले तर दगडावर दगड घासतो, टाकीचे घाव झिजतात, दगडाची भुकटी पडते आणि आवाजही कर्कश येतो. नाचणी किंवा तांदूळ घातला की घरघर भरीव होते आणि फेऱ्याला वजन येते.

साथीचा प्रश्न इथूनच पुढे येतो. जात्यावरच्या ओवीला वाद्य नाही. ज्याला एकतारी, तंबोरा किंवा गिटार घ्यायचे आहे त्याने आधी गाणारीचा सूर मोजून पाहावा. ती कोणत्याही पेटीच्या पट्टीत गात नाही. तिचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी असू शकतो, आणि काही स्वर नेहमीच्या जागेपेक्षा किंचित चढे किंवा उतरे लागतात. पेटी आणि पडद्यांची गिटार या जागा देऊ शकत नाहीत. गिटारीवर दर ओळीला वेगळी कॉर्ड बदलली तर ओवी लगेच भावगीत वाटू लागते, कारण कॉर्ड बदलली की स्वराला कुठेतरी पोचायची घाई लागते. ओवीला अशी घाई नसते. ब्लूजच्या गायकांनी या अडचणीवर शोधलेला उपाय मराठी गाणाऱ्यालाही उपयोगी पडेल. ते गिटारीच्या तारा अशा लावत की मोकळ्या छेडल्या तरी एकच स्वरसंघ वाजावा, आणि सुरी किंवा बाटलीचा गळा तारेवर सरकवून पडद्यांच्या मधले स्वर काढत. मोकळ्या तारा तंबोऱ्यासारख्या झंकारत ठेवायच्या आणि एका तारेवर गळ्याचा पाठलाग करायचा, एवढी साथ ओवीला पुरते. त्याहून जास्त जे काही येते ते बहुतेक वेळा गाणाऱ्याच्या भित्रेपणातून येते. नुसता आवाज पुरेसा नाही असे वाटू लागते म्हणून. तो पुरेसा असतो.

मुद्रणाची जागा निवडताना मुळशीचे हवामान ध्यानात घ्यावे लागते. ताम्हिणीकडच्या पट्ट्यात पाऊस मुसळधार, आणि पत्र्याच्या छपराखाली जून ते सप्टेंबर मुद्रण जवळजवळ अशक्य. दिवाळीनंतरची पहाट उत्तम. वारा कमी असतो, रस्त्यावर गाड्या नसतात, आणि ओवीची वेळही तीच. सारवलेली जमीन, धान्याच्या कणग्या, वळचणीला वाळत घातलेली वस्त्रे यांनी जुन्या घरात आवाज आपोआप मऊ होतो. सिमेंटच्या खोलीत तो भिंतींवरून परततो. तिथे दोन बाजूंना गोधड्या टांगल्या तरी मोठा फरक पडतो. फ्रीज आणि पंखा बंद करावा. विजेच्या उपकरणांची ५० हर्ट्झची गुणगुण एकदा मुद्रणात शिरली की जात्याच्या खालच्या स्वरांना न दुखावता काढता येत नाही.

जात्याचा आवाज दोन थरांचा असतो. दगडाची खोल घरघर जमिनीतून पसरते, दाणा फुटण्याची बारीक करकर हवेतून येते. मायक्रोफोनचा स्टँड थेट जमिनीवर ठेवला तर घरघर दांड्यातून वर चढते आणि गळ्याला झाकते. खाली घडी घातलेली वाकळ ठेवावी. मायक्रोफोन तोंडाशी नेला की जाते हरवते, शिवाय गाणारी झुलत असल्याने आवाज दर फेऱ्याला लहान-मोठा होतो. हातभर अंतरावर, तोंडाच्या किंचित वर आणि जात्याकडे थोडा कललेला मायक्रोफोन दोन्ही पकडतो. दोन मायक्रोफोन असतील तर एक गळ्यासाठी, एक जात्यासाठी, आणि सुरुवातीला एक टाळी, म्हणजे दोन्ही ध्वनिपट्ट्या नंतर जुळवता येतात. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या क्षणीसुद्धा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्यावी. ओवीत अचानक उंच हाक येते आणि फाटलेला आवाज पुढे दुरुस्त होत नाही.

बहुतेक लोक मोबाइलवरच मुद्रण करतील, आणि त्यात कमीपणा नाही. मात्र मोबाइलमध्ये दोन गोष्टी न विचारता घडतात. शांत क्षणी तो आवाज आपोआप वाढवतो, त्यामुळे दोन ओव्यांच्या मधली घरघर एकदम अंगावर येते. दुसरे, सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असे समजून तो गाळतो. जात्याचा आवाज असाच असतो. यंत्र मग जाते पुसून टाकते आणि त्याच्याबरोबर गळ्याची कडाही पुसट होते. ज्या अॅपमध्ये या सोयी बंद करता येतात आणि वेव्ह स्वरूपात मुद्रण होते ते वापरावे. ध्वनी-अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवते. एमपीथ्री पाठवायला ठीक, जपून ठेवायला नाही.

संपादनात हात आखडता घेणे बरे. खोकला, वैरणीसाठी घेतलेला थांबा, ओवी विसरून पुन्हा धरलेली सुरुवात यांतूनच ती आठवणीतून गायली जाते आहे हे कळते. सूर आपोआप जुळवणारी साधने इथे वर्ज्यच मानावीत, कारण ती ज्या पट्टीकडे स्वर ओढतात ती पट्टी ओवीची नाही. मूळ मुद्रण हात न लावता वेगळे ठेवावे आणि काटछाट प्रतीवर करावी.

हक्कांची बाजू समजून घेतली तर मनातली भीतीही जाते आणि बेफिकिरीही. परंपरेने आलेल्या, अनाम ओवीच्या शब्दांवर कोणा लेखकाचा प्रताधिकार नाही. कर्ता ठाऊक असलेल्या रचनांचे तसे नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे प्रताधिकार टिकतो, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याला प्रसिद्धीपासून ६० वर्षे. बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ग्रंथरूप झाली, म्हणून त्या शब्दांची मुदत संपली आहे. त्यांना कोणी नंतर दिलेल्या चालीचा हिशोब मात्र वेगळा. ध्वनिमुद्रणाचा हक्कही स्वतंत्र असतो, प्रसिद्धीपासून ६० वर्षांचा. आणि गाणाऱ्या बाईचा स्वतःच्या गायनावर ५० वर्षे हक्क असतो. तिचे मुद्रण उचलून त्यावर गिटार चढवणे आणि तिच्याकडून शिकून स्वतः गाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला तिची संमती लागते. दुसरीला कायदा ती मागत नाही, तरी विचारावे आणि नाव द्यावे. बाजारात आलेल्या गाण्याची नवी आवृत्ती विक्रीसाठी काढायची असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबून, मानधन आगाऊ भरून, ती नवी आवृत्ती आहे हे वेष्टनावर स्पष्ट सांगावे लागते.

प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी किंवा शेवटी बोलून नोंद करावी. कागद हरवतो, ध्वनिफितीतला आवाज फितीबरोबर राहतो. गाणारीचे नाव, गाव आणि वाडी, माहेर, ओवी कोणाकडून आली, चाल कोणाची, दिवस कोणता, जाते होते की नव्हते, काय दळले, सोबत कोण झेलत होते. माहेर विचारायचे ते शिष्टाचार म्हणून नाही. चाल लग्नाबरोबर प्रवास करते. मुळशीत ऐकलेली चाल मावळातून किंवा वेल्ह्यातून आलेली असू शकते आणि तालुक्याचे नाव लावून ती नोंद चुकीची होते. स्वतःच्या आवाजातल्या मुद्रणालाही हीच नोंद लागते: ओवी कोणाची ऐकली, तिच्या चालीत काय बदलले, कोणते शब्द सोडले, साथ कोणती घेतली. फाइलच्या नावात गाव, नाव आणि तारीख असावी. तीन प्रती कराव्यात, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. जिच्याकडून ओवी शिकली तिच्या घरी पहिली प्रत द्यावी आणि ती तिच्यासमोर वाजवावी. ती बहुधा तिथेच एखादा शब्द दुरुस्त करते किंवा राहिलेली ओवी गाते, आणि त्या वेळी मुद्रणयंत्र चालू असावे.